अभियंत्याचे संगीत आणि आपली मुले

दहावीचा निकाल लागतो आणि आमच्या जोयडा तालुक्यातील घराघरांत एकच प्रश्न विचारला जातो : ‘आता पुढे काय?’ प्रश्न जितका जुना, तितकेच त्याचे उत्तरही ठरलेले. गुण चांगले असले तर विज्ञान शाखा व पुढे अभियांत्रिकी. मध्यम असले तर पदविका किंवा आयटीआय. आणि यांपैकी काहीच जमण्यासारखे नसले, तर मग कला शाखा. आम्ही स्वतः कला शाखेचे पदवीधर असल्यामुळे या उतरंडीतील आमची जागा आम्हांस चांगली ठाऊक आहे, आणि तिजबद्दल आमची काही तक्रार नाही.

पालकांच्या या ओढीला कारणही आहे. ज्या तालुक्यात काळी नदी उगम पावते, त्याच तालुक्यात तिच्यावर सुमारे १०० मीटर उंचीचे सुपा धरण उभे राहिले. जुने सुपे गाव पाण्याखाली गेले आणि तेथील कुटुंबांना रामनगरास नव्याने संसार मांडावे लागले. कागदावर ओढलेल्या एका रेषेने नदी थांबते, गाव हलते आणि दूरच्या शहरांत दिवे लागतात, हे येथल्या माणसांनी डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा आपला मुलगा किंवा मुलगी ती रेषा ओढणाऱ्यांच्या बाजूस असावी, असे एखाद्या कष्टकरी बापास वाटले, तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कोणासही नाही.

परंतु अलीकडे या ठरलेल्या उत्तराला मुलांकडून एक प्रत्युत्तर ऐकू येऊ लागले आहे. ‘सर, शंकर महादेवन इंजिनियरच होते ना? त्यांनी ते सोडले म्हणून तर एवढे मोठे झाले!’ आणि त्यावर पालकांचे उत्तरही तयार असते : ‘त्याने आधी पदवी घेतली, मग गाणे केले. तूही आधी पदवी घे. तोवर पेटीला हात लावू नकोस.’ एकाच माणसाच्या चरित्रातून दोन्ही पक्ष आपापल्या सोयीचा अर्थ काढतात. आमच्या मते हे दोन्ही अर्थ अपुरे आहेत, आणि त्या अपुरेपणाची किंमत आपल्या मुलांना मोजावी लागते. म्हणून या लेखात ते चरित्र जसे आहे तसे वाचकांपुढे ठेवून मग आमचे मत सांगावे, असे आम्ही योजिले आहे.

शंकर महादेवन यांचा जन्म ३ मार्च १९६७ रोजी मुंबईतील चेंबूर येथे एका तमिळ कुटुंबात झाला. घराण्याचे मूळ केरळातील पालक्काडचे. वयाच्या पाचव्या वर्षी मुलाच्या हाती वीणा आली. पुढे कर्नाटक संगीताचे रीतसर शिक्षण सुरू झाले, टी. आर. बालामणी या त्यांच्या गुरूंपैकी एक. त्याच काळात मराठी भावगीताचे थोर संगीतकार श्रीनिवास खळे यांचेही मार्गदर्शन त्यांना लाभले. खळे यांचे नाव आपल्या घरांत नवे नाही. लता मंगेशकरांच्या कंठातून जे तुकोबांचे अभंग घरोघरी पोचले, त्यांच्या चाली खळ्यांच्या. शब्दाचा अर्थ स्वराने झाकू नये, उलट उजळावा, हे ज्याच्याकडून शिकावे असा हा गुरू होता.

हे सर्व चालू असताना शाळाही चालू होती, महाविद्यालयही चालू होते. पुढे नवी मुंबईतील नेरूळ येथील रामराव आदिक तंत्रज्ञान संस्थेतून त्यांनी १९८८ साली संगणकशास्त्राची अभियांत्रिकी पदवी घेतली आणि काही काळ सॉफ्टवेअर अभियंता म्हणून नोकरीही केली. नंतर ती सोडून त्यांनी संगीत हाच व्यवसाय पत्करला. आरंभी जाहिरातींची गीते रचली व गायिली. एहसान नूरानी यांची गिटार व लॉय मेंडोन्सा यांचा कीबोर्ड यांच्याशी जोड जमली, आणि तिघांनी मिळून चित्रपटांना संगीत देण्यास प्रारंभ केला. त्यांनी हाती घेतलेला पहिला चित्रपट, ‘दस’, १९९७ साली दिग्दर्शक मुकुल आनंद यांच्या निधनामुळे अपुराच राहिला. पहिलेच काम असे अर्धवट पडणे म्हणजे किती मोठा धक्का, याची कल्पना वाचकांनीच करावी. पुढल्याच वर्षी, १९९८ साली, जावेद अख्तर यांच्या शब्दांवरील ‘ब्रेथलेस’ हे गीत आले. कोठेही थांबा न घेता एका दमात म्हटल्यासारख्या भासणाऱ्या त्या गीताने हे नाव देशभर झाले. पदवी आणि ही कीर्ती यांत १० वर्षांचे अंतर आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. चित्रपटात निकाल मध्यंतरानंतर लागतो; आयुष्यात तो इतक्या लवकर लागत नाही.

त्यापुढील वाटचाल बहुतेकांना परिचित आहे. २००१ साली ‘दिल चाहता है’, २००३ सालच्या ‘कल हो ना हो’साठी त्रयीला संगीतदिग्दर्शनाचे राष्ट्रीय पारितोषिक, २००७ साली ‘तारे जमीन पर’, ज्यातील आईवरील गीतासाठी शंकर महादेवन यांना गायनाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. २०१९ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. जॉन मॅक्लॉक्लिन आणि झाकीर हुसेन यांच्या ‘शक्ती’ या वाद्यवृंदात ते गायिले आहेत. या वृंदाच्या ‘धिस मोमेंट’ या ध्वनिमुद्रिकेस फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील ग्रॅमी पारितोषिक मिळाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात झाकीर हुसेन आपणांतून गेले.

मराठी रसिकांच्या दृष्टीने मात्र या साऱ्यांहून जवळची गोष्ट म्हणजे २०१५ सालचा ‘कट्यार काळजात घुसली’ हा चित्रपट. मूळ नाटक पुरुषोत्तम दारव्हेकरांचे. १९६७ साली ते रंगभूमीवर आले. संगीत जितेंद्र अभिषेकींचे, आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. सुबोध भावे यांनी त्याचा चित्रपट केला, तेव्हा अभिषेकींच्या मूळ पदांच्या शेजारी नवी गीते रचण्याचे काम या त्रयीकडे आले. ज्या नाट्यपदांवर दोन पिढ्यांचे प्रेम जडले आहे, त्यांच्या पंक्तीला आपली चाल बसवणे हे धाडसाचे काम. शंकर महादेवन यांनी ते तर केलेच, शिवाय पंडित भानुशंकरांची भूमिकाही स्वतः केली. याच चित्रपटातील गायनासाठी महेश काळे यांना राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. महेश काळे हे अभिषेकीबुवांचे शिष्य; आणि योगायोग असा, की त्यांनीही अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आहे.

हे चरित्र पाहून कोणी म्हणेल, की मग अभियांत्रिकी आणि संगीत यांचा काही आंतरिक संबंध असला पाहिजे. या बाबतीत फार मोठा दावा करणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. संगणकशास्त्र शिकल्याने गळा तयार होत नाही. परंतु संगीताच्या पोटात गणित आहे, ही गोष्ट खरी आहे, आणि ती आमच्या मुलांना सांगण्यासारखी आहे. मध्य सप्तकाच्या षड्जाची कंपनसंख्या सेकंदाला २४० धरली, तर तार षड्जाची ४८० आणि पंचमाची ३६० येते. म्हणजे एकास दोन आणि दोनास तीन हे साधे गुणोत्तर. त्रैराशिक सोडवताना कंटाळणारा मुलगा तेच गुणोत्तर तंबोऱ्यात कानाने बरोबर ओळखतो. आपल्या गावच्या सप्त्यात पखवाजावर बसणारा पोरगा तिहाई घेतो, तेव्हा तो काय करतो? १६ मात्रांच्या त्रितालात समेपासून पाच मात्रांचा तुकडा, एक मात्रा विश्रांती, पुन्हा तुकडा, पुन्हा विश्रांती, पुन्हा तुकडा. बेरीज १७ होते, म्हणजेच शेवटचा ठोका नेमका पुढल्या समेवर पडतो. हे गणित तो कागदावर मांडत नाही, पण चुकतही नाही.

घुमटाचेच पाहा. मातीच्या त्या भांड्याला दोन तोंडे; एकावर चामडे ताणलेले, दुसरे मोकळे. वाजवणारा मोकळ्या तोंडावरील हात कमीजास्त उघडतो, आतल्या हवेचा नाद बदलतो, आणि गणपतीच्या आरतीत ते वाद्य बोलू लागते. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात ‘अनुनाद’ नावाचे जे प्रकरण असते, त्याचे एवढे चांगले प्रात्यक्षिक शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ही पाहिलेले नाही. पूर्वी या वाद्याला घोरपडीचे चामडे लावीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले असल्याने आता शेळीचे चामडे लावतात. शेजारच्या गोव्याने २०१९ साली घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला. आपल्याकडे ते अजून पावसाळाभर माळ्यावर असते व चतुर्थीस खाली उतरते.

अभियांत्रिकी संगीतात थेट कशी उतरते, याचे खरे उदाहरण पाहावयाचे तर युरोपात जावे लागते. यानिस झेनाकिस हा ग्रीक तरुण अथेन्सच्या तंत्रशाळेतून स्थापत्य अभियंता झाला आणि १९४७ साली पॅरिसला येऊन ल कॉर्ब्युझिए यांच्या कचेरीत नोकरीस लागला. हेच ल कॉर्ब्युझिए पुढे आपल्या चंडीगढचे रचनाकार झाले. दिवसा बांधकामाची गणिते आणि उरलेल्या वेळात संगीत असा त्याचा क्रम होता. संगीतकार मेसियां यांच्याकडे तो सल्ला विचारण्यास गेला, तेव्हा त्यांनी त्याला शाळकरी धडे पुन्हा गिरवण्यास न सांगता, तुला गणित येते, त्याचाच संगीतात उपयोग कर, अशा अर्थाचे सांगितले. त्यातून वाद्यवृंदासाठी रचलेली त्याची ‘मेटास्टासिस’ ही रचना १९५५ साली प्रथम सादर झाली. सरळ रेषा तिरप्या मांडीत गेल्यास त्यांतून वक्र पृष्ठभाग तयार होतो, हे स्थापत्यातील तत्त्व त्याने तंतुवाद्यांच्या घसरत्या स्वरांना लावले. आणि १९५८ साली ब्रुसेल्सच्या प्रदर्शनातील फिलिप्स कंपनीचे दालन उभारताना तेच तत्त्व पुन्हा काँक्रीटमध्ये उतरविले. येथे अभियंत्याने अभियांत्रिकी सोडली असे म्हणावे, की ती सोबत नेली असे म्हणावे?

आपल्या जवळचेही एक नाव घेणे उचित होईल. पुण्याचे नरेंद्र भिडे हे स्थापत्य अभियांत्रिकीचे पदवीधर. ‘देऊळ बंद’, ‘मुळशी पॅटर्न’ अशा मराठी चित्रपटांचे संगीतकार म्हणून लोक त्यांना ओळखतात. १० डिसेंबर २०२० रोजी, अवघ्या ४७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांनी स्वीकारलेली वाट सोपी होती असे कोणीही म्हणणार नाही. पण त्या वाटेवर त्यांनी केलेले काम मागे राहिले.

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे वळू. ‘त्यांनी अभियांत्रिकी सोडली म्हणून ते मोठे झाले’, असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही एवढेच विचारू : सोडताना त्यांच्या हाती काय होते? पाचव्या वर्षी वीणा धरलेल्या मुलाने एकविसाव्या वर्षी पदवी घेतली, तेव्हा त्याच्या पाठीशी १६ वर्षांची तालीम होती. एका नावेतून दुसऱ्या नावेत पाऊल टाकणे आणि नावेतून पाण्यात उडी घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गणित अवघड वाटते म्हणून गाण्याचे नाव पुढे करणारा मुलगा गाण्याचीही अवहेलनाच करतो. ज्याला रोज पहाटे उठून तासभर सा लावण्याचा कंटाळा येतो, त्याने शंकर महादेवन यांचे नाव वादात आणू नये.

पण पालकांच्या अर्थाविषयी आम्हांस अधिक बोलावयाचे आहे, कारण निर्णय त्यांच्या हाती असतो. ‘आधी पदवी, मग गाणे’ असे जे ते म्हणतात, ते या चरित्रात मुळीच घडलेले नाही. तेथे पदवी आणि गाणे ही दोन्ही एकाच वेळी, एकाच घरात, वर्षानुवर्षे चालली होती. आमच्याकडे काय होते? आठवीपर्यंत मुलगी भजनात गाते, मुलगा मृदंग वाजवतो, स्नेहसंमेलनात टाळ्या पडतात. नववीत गेले, की पेटीला कुलूप लागते. दहावीत मृदंग माळ्यावर जातो. ‘परीक्षा होऊ दे, मग बघू’, असे सांगितले जाते. मग बारावी येते, मग प्रवेशपरीक्षा, मग वसतिगृह. पाच-सात वर्षांनी मृदंग खाली काढावा तर त्याची शाई उडालेली असते, आणि हातही तो हात राहिलेला नसतो. भाताचे रोप श्रावणात लावावयाचे राहिले, तर दिवाळीनंतर कितीही पाणी पाजले तरी पीक येत नाही. हे आपल्या शेतकऱ्यांना सांगण्याची गरज आहे काय? कान, गळा आणि बोटे यांचाही एक हंगाम असतो.

येथे एक आक्षेप आमच्यासमोर येतो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कोणी म्हणेल, ‘चेंबूर कोठे आणि जोयडा कोठे! तेथे गुरू दाराशी, ध्वनिमुद्रणाची केंद्रे गावात, आणि गाणे फसले तर संगणकाची पदवी हाताशी. आमच्या मुलाने काय करावे? येथे बस चुकली तर शाळा चुकते. महाविद्यालयासाठी हल्याळ, कारवार किंवा हुबळी-धारवाड गाठावे लागते. जमिनीच्या तुकड्यावर कर्ज काढून शिकवलेल्या मुलाने गाण्याच्या मागे लागावे, ही चैन आम्हांला परवडणारी नाही.’ हा आक्षेप खरा आहे. ज्याच्या घरी धोका पत्करण्याची ताकद नाही, त्याला धोका पत्करण्याचा उपदेश करणे हा दुष्टपणा आहे. म्हणून आम्ही कोणत्याही विद्यार्थ्याला नोकरी सोडण्याचा सल्ला या पानावरून देणार नाही.

परंतु नोकरी करीत संगीत करणे आणि नोकरीसाठी संगीत टाकणे यांत मोठे अंतर आहे. वर उल्लेखिलेले वसंतराव देशपांडे कित्येक वर्षे सैन्याच्या हिशेबखात्यात कारकुनी करीत होते. त्यांच्या गळ्याला त्या खात्याने गंज चढविला नाही. पुष्कळांचे संगीत असेच चालते. दिवसा कचेरी, रात्री रियाज, सणावाराला देवळात सेवा. त्यांतून एखादाच प्रसिद्धीस येतो. बाकीच्यांचे नाव कोणी ऐकत नाही, पण त्यांच्या गावात भजन बंद पडत नाही. आमच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे. ज्या गावाने धरणासाठी आपली भूमी दिली, त्या गावाची माणसे नव्या जागी गेली तेव्हा त्यांना घरे नव्याने बांधता आली. चाली मात्र नव्याने बांधता येत नाहीत. त्या कोणाच्या तरी गळ्यातूनच सोबत न्याव्या लागतात.

आणखी एक मुद्दा आमच्या शाळेपुरता सांगितला पाहिजे. आमची मुले घरी कोंकणी बोलतात, शाळेत मराठीतून शिकतात, आणि बाजारात व सरकारी कचेरीत कन्नड बोलतात. या तीन भाषांमुळे मुलांची ओढाताण होते, ती कोठेच धड राहत नाहीत, अशी खंत पुष्कळ पालक व्यक्त करतात. संगीताच्या इतिहासाकडे पाहिले, तर ही खंत करण्याचे कारण उरत नाही. ‘कट्यार’चे मूळ संगीत देणारे अभिषेकी गोव्यातील मंगेशीचे, म्हणजे आमच्याच भाषेच्या मुलखातले. तुकोबांचे अभंग घरोघरी पोचविणारे भीमसेन जोशी गदगचे. कन्नड ही त्यांची घरची भाषा. आणि तमिळ घरात जन्मलेला, कर्नाटक संगीतात वाढलेला मुलगा मराठी गुरूकडे शिकतो व मराठी नाट्यसंगीताच्या मंदिरात अधिकाराने पाऊल ठेवतो. यांपैकी कोणालाही दुसरी भाषा हे ओझे वाटले नाही. धारवाड आपल्यापासून काही तासांच्या वाटेवर आहे. मल्लिकार्जुन मन्सूर तेथलेच आणि गंगूबाई हनगल शेजारच्या हुबळीच्या. या दोघांच्या गाण्याला कन्नड आणि मराठी असे दोन्ही श्रोते सारखेच जीव टाकीत. आपण सीमेवर राहतो ही अडचण आहे हे खरे. पण गाणाऱ्याला ती अनुकूलताही आहे.

मग करावे काय? आमच्या सूचना साध्या आहेत. पहिली शाळांना. दहावीच्या वर्गाचा संगीताचा तास सराव परीक्षेसाठी काढून घेण्याची जी प्रथा सर्वत्र पडली आहे, ती मोडावी. आठवड्यास एक तास म्हटला, तर सबंध शालेय वर्षात जेमतेम ४० तास होतात. एवढ्या तासांनी कोणाचे गणित बुडत नाही. त्यामुळे गुण वाढतील, असे आश्वासन आम्ही देणार नाही. ते देणे खोटेपणाचे होईल. गाणे हे गुणांसाठी शिकवायचे नसतेच. दुसरी सूचना गावकऱ्यांना. सप्त्यात आणि चतुर्थीस मोठ्यांनी पखवाज, पेटी व घुमट यांपुढची जागा थोडा वेळ मुलांना द्यावी आणि चुकले तर सावरून घ्यावे. गुरू दाराशी नाही, ही आपली तक्रार; पण गावातले जाणते भजनी हेच आपले दाराशी असलेले गुरू आहेत, आणि त्यांचे वय वाढत चालले आहे. तिसरी सूचना पालकांना. मुलाला अभियंता जरूर करा. मात्र वसतिगृहास निघताना त्याच्या ट्रंकेत पुस्तकांबरोबर टाळांची एक जोडी राहू द्या. आता तर दूर असलेल्या गुरूकडून संगणकाच्या पडद्यावरही शिकता येते. शंकर महादेवन यांनीच २०१० साली अशा रीतीने शिकविणारी संस्था काढली; तेथे त्यांची जुनी विद्या आणि नवी विद्या एकमेकींच्या उपयोगी पडली. आमच्या डोंगरात पडद्यावरचे चित्र मधेच गोठते हे खरे. पण जेथे ते चालते, तेथे त्याचा लाभ घ्यावा.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी काही जण पुढे अभियंते व्हाल, काही शिक्षक, काही वनखात्यात जाल, काही शेती सांभाळाल. एखादा संगीतकारही होईल. तो कोण, हे आज सांगता येणार नाही, आणि सांगण्याची घाईही करू नये. या चरित्राकडून तुम्ही घ्यावयाचा धडा ‘सोडा’ हा नव्हे आणि ‘थांबा’ हाही नव्हे. तो ‘चालू ठेवा’ हा आहे. सोडण्याचा किंवा धरण्याचा निर्णय करण्याची वेळ आली, तर ती जाणत्या वयात येईल, आणि त्या वेळी तुमच्या हाती दोन गोष्टी असतील. आज एक टाकून दिली, तर त्या वेळी निवडण्यास काही उरणारच नाही.

पालकांना आमची विनंती एवढीच, की यंदा नववीत गेलेल्या मुलाचा मृदंग माळ्यावर चढविण्यापूर्वी त्याला एकदा समोर बसवून ऐकावे. त्यानंतर काय करावयाचे ते त्यांनीच ठरवावे.